हजेरी

वर्षभर दर आठवड्याला या पानावर आपण एखादा शब्द हाती घेतो, तो उलटासुलटा करून पाहतो आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून देतो. दिवाळीला संपादक जागा जरा ऐसपैस देतात. त्यामुळे शब्दाबरोबर दोन-चार माणसांनाही आत बोलावता येते. यंदाचा शब्द आहे ‘हजेरी’. मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला आणि आता इतका घरचा झालेला, की त्याला कोणी गाव विचारत नाही. पाऊस हजेरी लावतो. नको असलेल्या लग्नालाही आपण हजेरी लावून येतो. कारखान्यात हजेरीपट असतो, आणि वडीलमाणसे रागावली म्हणजे आपली चांगली हजेरी घेतात. गेली वीस वर्षे मी कॉलेजात रोज हजेरी घेत आलो आहे. मुलांना विचाराल तर ती दोन्ही अर्थांनी, असे सांगतील. पण या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो मला शब्दकोशात न सापडता आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर सापडला.

पुण्यात विश्रांतवाडीला आम्ही राहतो. लोहगावचा विमानतळ जवळ. लढाऊ विमान डोक्यावरून गेले की आमच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात, चहाच्या कपावरची बशी वाजते आणि नवे भाडेकरू कानांवर हात ठेवतात. तळमजल्यावरचे काका मात्र अशा वेळी हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून अंगणात येतात, मान वर करतात आणि विमान दिसेनासे झाले की म्हणतात, “इंजिन छान बोलतंय.” काका हवाई दलात इंजिन फिटर होते. वयाच्या अठराव्या वर्षी भरती झाले, सार्जंट म्हणून निवृत्त झाले. १९७१ च्या युद्धात ते ‘नॅट’ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये होते. स्क्वाड्रनचा आकडा मी इथे देत नाही. काकांनीच “नको” म्हटले आहे, आणि का नको ते पुढे कळेल.

नॅट हे विमान इंग्लंडात आखलेले आणि आपल्या बंगलोरला बांधलेले. आकाराने इतके लहान, की शेजारी उभा राहिलेला माणूस उगीचच उंच वाटावा. १९६५ आणि १९७१ मध्ये त्याने आपल्याहून मोठ्या सेबर विमानांशी झुंजी घेतल्या, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण काका त्याच्याविषयी बोलतात ते सासुरवाशिणीने खाष्ट सासूविषयी बोलावे तसे. “अहो प्रोफेसर, पोटात सगळं इतकं दाटीवाटीनं भरलेलं, की एक नळी बदलायची तर आधी चार भाग उतरवायचे. वैमानिक तासाभरात खाली यायचा. आम्ही त्या तासासाठी रात्रभर आत हात घालून बसलेले.” आणि मग उजव्या हाताचे मनगट वर करून तिथला जुना व्रण दाखवतात.

तर गेल्या गणपतीच्या सुमारास काका एक जाडजूड वही घेऊन वर आले. म्हणाले, “आम्हा जुन्या लोकांचा मेळावा करायचा आहे. सगळ्या युनिटचा. पत्रं लिहायची आहेत. तुम्ही भाषेचे मास्तर.”

“काका, मी मराठीचा,” मी म्हणालो. “तुमचे लोक पंजाबपासून केरळपर्यंतचे. त्यांना मराठी पत्र पाठवून काय होणार?”

“भाषा ती भाषा. माझ्या हिंदीत इंजिनाशिवाय दुसरं काही नीट सांगता येत नाही.”

मी वही उघडली. मेळावा भरवणे म्हणजे एक सभागृह ठरवणे आणि जेवण सांगणे, अशी माझी समजूत होती. दरवर्षी कॉलेजचे स्नेहसंमेलन पार पाडून ती झालेली. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा मेळावा ही निराळीच लढाई असते. आधी तारीख. काकांना हवी होती ८ ऑक्टोबर. १९३२ साली या दिवशी आपली वायुसेना स्थापन झाली, म्हणून तो वायुसेना दिन. पण त्या दिवशी जो तो आपापल्या गावच्या कार्यक्रमाला जाणार. डिसेंबर म्हटले तर पंजाबकडच्या दोघांना धुके आणि दमा. एप्रिल म्हटले तर पुण्याचे ऊन. अखेर फेब्रुवारी ठरला. मग जागा: पायऱ्या नकोत, स्वच्छतागृह जवळ हवे, आवाज घुमणारे सभागृह नको, कारण निम्म्यांच्या कानांत यंत्रे, जेट इंजिनांपाशी उमेदीची वर्षे काढलेल्यांचे कान म्हातारपणी हिशेब मागतात. मग जेवण: एकाला साखर वर्ज्य, एकाला मीठ, आणि कलकत्त्याच्या एकाने फोनवर निक्षून सांगितले, की मासे नसतील तर आपण येणार नाही, आणि असतील तर पुण्यातले मासे खाणार नाही!

एक प्रश्न मात्र काकांनी कोणाला विचारलाच नाही. अधिकाऱ्यांनाही बोलवायचे की फक्त आपल्यासारख्यांना? वैमानिकांच्या भेटीगाठी त्यांच्या त्यांच्यात होत असतात, कारागिरांच्या त्यांच्या त्यांच्यात. काकांचे म्हणणे एकच. “विमान एक होतं. मेळावे दोन कशाला?” आणि असे म्हणून त्यांनी मला खाली नेले आणि टेबलाच्या काचेखालचे एक पिवळे पडत चाललेले कात्रण दाखवले.

ते कात्रण नोव्हेंबर २०१३ मधले होते. तीन अतिवृद्ध गृहस्थ कोट घालून बसले आहेत आणि तिघांच्या हातांत चांदीचे पेले आहेत. “या तिघांतले दोघे आपल्या जातीचे,” काका म्हणाले. माझ्या भुवया वर गेलेल्या पाहून हसले. “फिटरच्या हो!”

त्या पेल्यांची हकिगत सांगण्याजोगी आहे. एप्रिल १९४२. पर्ल हार्बरवर जपानने केलेल्या हल्ल्याला चार महिने झाले होते आणि अमेरिकेला सगळीकडून पराभवाच्याच वार्ता येत होत्या. तेव्हा लेफ्टनंट कर्नल जेम्स डूलिटल या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली एक धाडस योजण्यात आले. जमिनीवरून उडणारी बी-२५ जातीची जड बाँबफेकी विमाने ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरून उडवायची, जपानवर बाँब टाकायचे, आणि जहाजावर परत उतरणे शक्यच नसल्यामुळे पुढे चीनमध्ये जाऊन उतरायचे. सोळा विमाने, प्रत्येकात पाच जण, एकूण ८० माणसे. १८ एप्रिलला सकाळी एका जपानी टेहळणी नौकेने जहाजांचा ताफा पाहिला, आणि ठरल्या वेळेच्या सुमारे दहा तास आधीच सगळ्यांना उडावे लागले. पहिले विमान डूलिटलचे. पुढे धावायला त्याला सुमारे ४६७ फूट जागा होती. टोकियो, योकोहामा, नागोया, कोबे या शहरांवर बाँब पडले. नुकसान फार झाले नाही. पण जपानची भूमी हल्ल्याबाहेर आहे, हा समज त्या दिवशी संपला.

पुढची कथा मात्र विजयाची नाही. एकही विमान ठरलेल्या धावपट्टीवर पोचले नाही. एक रशियात व्लादिवोस्तोकजवळ उतरले. उरलेल्या पंधरांपैकी काही चीनच्या किनाऱ्यावर आदळली, आणि पुष्कळांतल्या माणसांनी रात्रीच्या पावसात अंधारात उड्या घेतल्या. तिघे तिथेच गेले. आठ जण जपान्यांच्या हाती लागले. त्यांतल्या तिघांना गोळ्या घालण्यात आल्या आणि एक जण कैदेत उपासमारीने गेला. बाकीच्यांना चिनी खेडुतांनी लपवले, जेवू घातले, पाठीवर वाहून नेले. त्याची किंमत त्या खेडुतांनी मोजली. जपानी सैन्याने सूड म्हणून झेजियांग आणि जियांग्शी हे प्रांत उद्ध्वस्त केले. अडीच लाख नागरिक मेले असावेत, असा अंदाज इतिहासकार देतात. पेल्यांच्या गोष्टीत हे सांगायचे राहून जाते; पण काकांनी ते राहू दिले नाही. “चिनी लोक नसते तर तो मेळावा भरलाच नसता,” ते म्हणाले. १९९२ मध्ये, हल्ल्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, मदत करणाऱ्यांपैकी काही चिनी वृद्धांना अमेरिकेत अगत्याने बोलावून घेतले होते, हेही त्यांनीच मला सांगितले.

काकांचा सर्वांत आवडता प्रसंग मात्र दुसऱ्या दिवशीचा. सोळाच्या सोळा विमाने गेली, आपल्यावर आता लष्करी खटला होणार, अशा विचारात डूलिटल आपल्या विमानाच्या चुराड्यापाशी खिन्न होऊन बसला होता. त्याच्याबरोबर त्याचा फिटर-गनर होता, पॉल लेनर्ड. लेनर्डने त्याला सांगितले, की खटला तर होणार नाहीच. उलट तुम्हाला जनरल करतील आणि सर्वोच्च पदक देतील. आणि मग एक विनंती केली: पुढचे विमान मिळेल तेव्हा त्याचा फिटर म्हणून मलाच घ्या. अमेरिकी सैन्याने पुढे दोन्ही भाकिते खरी केली. डूलिटलने विनंतीही मान्य केली. पण जानेवारी १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेत झालेल्या एका बाँबहल्ल्यात लेनर्ड मारला गेला. “मोठ्या साहेबाला धीर कोणी दिला?” काका विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता काचेवर बोट टेकवतात.

जहाजावर असतानाच डूलिटलने आपल्या माणसांना कबूल केले होते, की सुखरूप पोचलो की मी तुम्हाला जंगी मेजवानी देईन. ती मेजवानी युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये मायामीला झाली, आणि तिची गोडी अशी लागली की पुढे दरवर्षी भेटण्याची प्रथा पडली. सुरुवातीचे मेळावे तरुणांचे होते. एका मेळाव्यात हॉटेलच्या रात्रीच्या पहारेकऱ्याने यांच्या दंग्याची लेखी तक्रार केली, तर या मंडळींनी त्या तक्रारीवरच हौसेने सह्या ठोकल्या! पण वर्षे जातात तसा मेळाव्याचा सूर बदलतो. १९५९ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने त्यांना ८० चांदीचे पेले भेट दिले. प्रत्येक पेल्यावर एका सैनिकाचे नाव दोनदा कोरलेले: एकदा सुलटे, एकदा उलटे. माणूस गेला की त्याचा पेला पालथा घालायचा. तरी नाव वाचता यावे. त्या पेल्यांबरोबर १८९६ सालच्या, म्हणजे डूलिटलच्या जन्मसालच्या ब्रँडीची एक सीलबंद बाटली. ती शेवटचे दोघे उरतील तेव्हा त्यांनी फोडायची, असे ठरले होते.

२०१३ मध्ये चौघे उरले. दोघे उरेपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही, हे त्यांनी ओळखले. ९ नोव्हेंबरला ओहायो राज्यातल्या डेटन इथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात ते जमले: डूलिटलचा सहवैमानिक रिचर्ड कोल, आणि एडवर्ड सेलर व डेव्हिड थॅचर हे दोघे फिटर-गनर. चौथे, रॉबर्ट हाइट, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. सेलरने उड्डाणापूर्वी जहाजावरच आपल्या विमानाचे बिघडलेले इंजिन दुरुस्त केले होते. थॅचर आपल्या विमानातला एकटाच धडधाकट उरलेला. चार जखमी साथीदारांना त्याने वाचवले. त्या दिवशी ८० च्या ८० नावे पुकारली गेली. तीन नावांना “हजर” असे उत्तर आले. बाकीच्यांना कोणी उत्तर दिले नाही. मग बाटली फुटली, आणि कोल यांनी गेलेल्यांची आठवण करून पेला उचलला. सेलर आणि हाइट २०१५ मध्ये गेले, थॅचर २०१६ मध्ये, आणि कोल २०१९ मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी.

वाचकहो, हजेरीचा तिसरा अर्थ मला इथे लागला. वर्गात मी हजेरी घेतो ती कोण आले आहे ते पाहण्यासाठी. ही माणसे हजेरी घेतात ती जे आले नाहीत त्यांची नावे एकदा मोठ्याने उच्चारली जावीत म्हणून. पराक्रमाच्या गोष्टी घरीही सांगता येतात. नातवंडे त्या ऐकतातही. पण एखादे नाव घेतल्याबरोबर “तो? झोपेत इंग्रजी बोलायचा!” असे म्हणणारा माणूस जगात फक्त त्या सभागृहातच भेटतो.

मी काकांची वही घरी आणली आणि पत्त्यांची यादी करायला बसलो. काकांनी गेलेल्यांची नावे खोडली नव्हती. नावापुढे फक्त तारीख लिहिली होती. अशी २३ नावे. पत्ता आणि फोन मिळालेली १९. पुढे प्रश्नचिन्ह असलेली २१. बेरीज ६३. पण वहीत नावे होती ६४. हजेरी घेण्याची सवय असलेल्या माणसाला असा एकाचा फरक चैन पडू देत नाही. पुन्हा मोजले. एका नावापुढे तारीख नव्हती, पत्ता नव्हता, प्रश्नचिन्हही नव्हते. कोरी जागा होती.

सकाळी विचारले तेव्हा काका काही बोलले नाहीत. चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “पत्ता पाठ आहे त्यांना. गेली कितीतरी वर्षं पाठ आहे.”

मग काकांनी सांगितले. तो केरळचा, पालघाटकडचा. काकांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून काका त्याला ‘चेट्टा’ म्हणत, म्हणजे दादा; आणि तो काकांना ‘भाऊ’ म्हणे. एका खोलीत पलंगाला पलंग लावून राहिले, युद्धात एकाच विमानावर काम केले. १९७३ मधली गोष्ट. पहाटे उडायच्या विमानाचे काम रात्रपाळीत संपले. काम संपले की हत्यारे मोजून परत पेटीत ठेवायची, हा हवाई दलाचा वेदाइतका प्रमाण नियम. विमानात विसरलेला एक पाना इंजिनात गेला किंवा दांडीत अडकला, तर वैमानिक परत येत नाही. चेट्टाच्या पेटीत अर्ध्या इंचाचा एक पाना कमी भरला. तो म्हणाला, “इथंच कुठंतरी असेल. उजाडल्यावर सापडेल.” विमानाच्या नोंदवहीत, त्या ‘फॉर्म सातशे’मध्ये, त्याने काम पुरे झाल्याची सही केली होती. दुसऱ्या दिवशी त्याला रजेवर जायचे होते. बहिणीचे लग्न होते. पाना हरवल्याचे सांगितले असते तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे रजा गेली.

“मी अर्धा तास बसून राहिलो,” काका म्हणाले. “मग उठलो आणि सरळ फ्लाइट सार्जंटकडे गेलो.”

विमान थांबवले गेले. दोन दिवस एकेक भाग उतरवून शोध घेतला. तिसऱ्या दिवशी पाना सापडला; विमानात नव्हे, तर त्याच्या तोंडावर घालायच्या कॅनव्हासच्या खोळीच्या घडीत. चेट्टाची रजा रद्द झाली, कागदावर ठपका आला, बढती लांबली. बहिणीचे लग्न त्याच्यावाचून झाले. सहा महिन्यांनी त्याची बदली झाली. त्या सहा महिन्यांत पलंगाला पलंग लावूनही तो काकांशी एक शब्द बोलला नाही.

“तुम्ही केलंत ते योग्यच होतं,” मी म्हणालो. असे म्हणणे सोपे असते.

“योग्य होतं यात मला कधी शंका आलीच नाही,” काका म्हणाले. “उद्या परत तसं झालं तर परत सांगेन. पण पन्नास वर्षं झाली, प्रोफेसर. योग्य केल्याचं ओझं असतं का हो?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ते काचेखालच्या कात्रणाकडे पाहत म्हणाले, “यांच्यातला एक डिशेझर. नागोयावर बाँब टाकले, पकडला गेला, चाळीस महिने कैदेत हाल सोसले. सुटला, पाद्री झाला आणि १९४८ मध्ये परत जपानात गेला. पुढे त्याच नागोयात जाऊन राहिला. ज्यांनी छळलं त्यांच्याकडे माणूस समुद्र ओलांडून गेला. आणि मला पालघाटला एक पोस्टकार्ड टाकता येत नाही.”

स्क्वाड्रनचा आकडा का नको, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

पत्र मी लिहिले नाही. काही पत्रे मास्तरांनी लिहायची नसतात. काकूंनी फोन उचलला, पाठ असलेल्या पत्त्याबरोबर काकांना पाठ नसलेला फोन नंबर कोणाकडून तरी मिळवला, आणि एका रविवारी दुपारी तो लावून काकांच्या हातात दिला. मी निघत होतो, तर काकांनी हातानेच बसायला सांगितले. पलीकडे आधी कोणी मुलगी बोलली. मग बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग काका म्हणाले, “चेट्टा. भाऊ बोलतोय.”

बोलणे हवाई दलाच्या हिंदीत झाले. मी ते मराठीत सांगतो. दोघांच्याही कानांची तऱ्हा सारखीच, त्यामुळे आवाज इतके मोठे, की पलीकडचे मला सहज ऐकू येत होते. पहिली दोन-तीन मिनिटे गुडघ्यांवर आणि रक्तदाबावर गेली. मग काकांनी मेळाव्याचे सांगितले. मग पुन्हा शांतता. आणि मग चेट्टाच म्हणाला:

“हवाई दल सोडल्यावर मी तीस वर्षं कारखान्यात होतो. पोरांना काम शिकवायचो. पहिल्या दिवशी काय शिकवायचो, ठाऊक आहे? हत्यारं मोजायला.”

काका काही बोलले नाहीत.

“तू चूक केली नाहीस, भाऊ. पण फ्लाइट सार्जंटकडे जाण्याआधी माझ्याकडे यायचं होतंस. मीच गेलो असतो त्याच्याकडे.”

“गेला असतास?”

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. “ते आता कुणाला सांगता येणार! त्या रात्री बहिणीचं लग्न डोळ्यांपुढे होतं. पण विचारायचं होतंस.”

“होय,” काका म्हणाले. “ते राहिलं.”

याहून अधिक त्या विषयावर दोघे बोलले नाहीत. कोणी माफी मागितली नाही, कोणी दिली नाही. चेट्टाने विचारले, आणखी कोण कोण येणार? काका वही उघडून एकेक नाव वाचू लागले. काही नावांवर पलीकडून हसण्याचा गडगडाट यायचा. काहींवर “कधी?” एवढाच प्रश्न यायचा, आणि काका नावापुढची तारीख सांगायचे. ६३ नावे वाचायला पाऊण तास लागला. प्रश्नचिन्हांपैकी चौघांचे पत्ते चेट्टाजवळ निघाले! अखेर काकांनी विचारले, “येतोस ना?”

“गुडघे काय म्हणतात बघतो,” चेट्टा म्हणाला.

काकांनी फोन ठेवला, चश्मा पुसला, आणि वहीतल्या त्या कोऱ्या जागी पेन्सिलीने लिहिले: ‘बघतो’. मग खोडरबर शोधून ते पुसले आणि पेनाने पत्ता लिहिला.

आपल्या वायुसेनेची पहिली तुकडी १९३३ मध्ये कराचीला उभी राहिली, तेव्हा तिच्यात मूठभर वैमानिक होते आणि विमानांची निगा राखणारे कारागीर होते. त्या कारागिरांना ‘हवाई सिपाही’ म्हणत. काय सुरेख शब्द! वैमानिकांची नावे इतिहासात जातात आणि ते रास्तच आहे. हवाई सिपायांची नावे बहुधा एखाद्या वहीतच राहतात. म्हणून ती वही कोणी तरी मोठ्याने वाचावी लागते.

फेब्रुवारीतल्या मेळाव्यात ते काम माझ्याकडे आले आहे. काका म्हणाले, “तुम्हाला रोजची सवय. शिवाय तुम्ही बाहेरचे. तुमचा आवाज भरून यायचा नाही.” मी रोज रात्री ती नावे म्हणून पाहतो. पंजाबी नावातला जोर, बंगाली नावातला गोल स्वर, मल्याळी नावातला तो जीभ मागे वळवून होणारा ‘ळ’सारखा पण ‘ळ’ नव्हे असा उच्चार. नाव चुकीचे उच्चारले तर वर्गात पोरे हसतात; इथे काय होईल, कोण जाणे. आवाजाविषयी काकांनी दिलेली ग्वाही मात्र मला आता फारशी खरी वाटत नाही.

सभागृह ठरले आहे. पायऱ्या नाहीत. मासे असतील आणि नसतीलही, अशी व्यवस्था केली आहे. खुर्च्या किती सांगायच्या, हा प्रश्न निघाला तेव्हा काका म्हणाले, “चौसष्ट.”

“पण येणार तर फार तर पंचवीस.”

“येणारे पंचवीस. खुर्च्या चौसष्ट. मोजून ठेवायच्या.”

दिवाळीच्या फराळाची ताटे शेजारीपाजारी पोचवून झाली, की आपल्या घरातलीही एखादी जुनी वही उघडून पाहा. तिच्यात एखादे नाव कोरी जागा धरून बसलेले असेल आणि त्याचा पत्ता तुम्हाला पाठ असेल. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या पानावर भेटूच. हजेरी चुकवू नका.